आजीनं नदीपार नेलेला म्हातारा

७ जानेवारी

माझ्या मुंगीबाई,

पोचले गं बाई एकदाची. सामान आलं, मी आले, गुडघेही मागून कुरकुरत आले. घर अकराव्या मजल्यावर आहे. तुझा मामा म्हणतो, आई, इथून सगळं शहर दिसतं. दिसतं खरं, पण माणसं मुंगीएवढी दिसतात, आणि मुंगी म्हटलं की तू आठवतेस, मग मी खिडकीतून उठते. वर-खाली जायला एक खोली आहे, बटण दाबलं की हलते. पहिल्या दिवशी मी तिच्यात चपला काढून शिरले. मामी हसली. चांगली हसते ती, पण सकाळी जाते ती अंधार पडल्यावर येते, तोवर तिचं हसू संपलेलं असतं. मामाचंही तेच. कपडे धुवायचं यंत्र मात्र फार गुणी. काम झालं की गाणं म्हणतं. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच, म्हणून मी ते दोनदा लावते. मामीला सांगू नकोस.

आता मुद्द्याचं. वेतवाल्यांना वाचून दाखवायचं काम तुझ्या गळ्यात घालून आले आहे, ते नीट कर. तुला सगळं माहीत आहे, पण सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. चर्चचे बाक वाळवीनं खाल्ले, सुतारानं खुर्च्यांचे सांगाडे करून दिले, तेव्हा हा जन्माचा आंधळा माणूस भर मंडळीत उभा राहिला आणि म्हणाला, सगळ्या खुर्च्यांच्या बैठका मी वेतानं विणीन, देवाचं काम आहे, मजुरी नको. तेव्हापासून चर्चमागच्या त्या खोलीत ते विणतात आणि मी समोर बसून वाचते. हात त्यांचे, तोंड माझं. पवित्र पुस्तक पहिल्या पानापासून धरलं होतं, ते आता शेवटाला आलं आहे.

ते वेत भिजवत असले की थांबायचं, पाण्याच्या आवाजात त्यांना ऐकू येत नाही. “पुढं?” म्हणाले की पुढं वाचायचं. नुसतं “हं” म्हणाले तर तेच परत वाचायचं. आणि एक लक्षात ठेव. शेवटचा भाग, तो दर्शनांचा, माझ्यासाठी राखून ठेव. गुडघा वाकायला लागला की मामा मला आणून सोडणार आहे. मी सुरू केलं, मीच संपवणार.

फोन करू नकोस. निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी भलतंच ऐकते. लिहीत जा.

तुझी, अकराव्या मजल्यावर चढवून ठेवलेली
आजी

*

२१ जानेवारी

आजी,

यंत्र दोनदा लावू नकोस, मामीचे कपडे विरतील आणि तुझं बिंग फुटेल.

तुझे वेतवाले आजोबा मला छळतात. मी दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासते, एक काना सुटला तरी मालक डोळे वटारतो. संध्याकाळी यांच्यापुढे शब्द न् शब्द वाचते, तर म्हणतात, पोरी, तू गाळतेस. परवा म्हणाले, त्या मासे धरणाऱ्या शिष्याच्या सासूचा भाग परत वाच. मी पानं उलटून तो काढला. सासूचा ताप उतरतो, ती उठते आणि पाहुण्यांची उठबस करू लागते. एवढंच आहे. ते म्हणाले, नाही, उठल्या उठल्या ती आधी ओरडते, पाय पुसून आत या, आत्ताच फरशी पुसलीय. मी म्हटलं, असं नाहीये. त्यावर एक लांबलचक “हं”. मी तेच परत वाचलं. परत “हं”. मी तिसऱ्यांदा वाचलं. आजी, हा काय प्रकार आहे? आणि नावांची यादी वाचायला घेतली तर म्हणाले, हे काय नवीनच, तुझी आजी ‘आणि बरीच मंडळी होती’ एवढंच वाचायची.

दुसरं सांगते, घाबरू नकोस. त्यांना दम लागतो. वेताची एक ओढ घेतली की थांबतात. पाय सुजलेत. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, म्हणाल्या हृदय थकलंय, भरती व्हा. ते म्हणाले, थोड्याच खुर्च्या राहिल्यात, त्या झाल्या की येतो. पाळकसाहेबांनी सुचवलं, उरलेल्या खुर्च्या सुतारकाकांना शिकवा. तर म्हणे, सुताराचा हात हातोड्याचा, वेताला रडवील.

मुंगी

*

२८ जानेवारी

मुंगीबाई,

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुसा म्हणायला घरात कुणी नव्हतं म्हणून ते तसंच वाळलं.

अगं, मी शाळेची पायरी कधी नीट चढले का? तुझ्या आजोबांनी लग्नानंतर अक्षरं शिकवली, तीही ह्याच पुस्तकावर. अजून बोट ठेवल्याशिवाय ओळ सापडत नाही आणि जोडाक्षर आलं की गाडी अडते. समोर माणूस “पुढं?” म्हणून बसलेला. मग मी पदरचे दोन शब्द घालते. घर म्हटलं की फरशी असणारच, आणि सासू म्हटलं की ती बोलणारच. देवाच्या गोष्टीत त्यानं काय कमी झालं? उलट त्या बाईला थोडं तोंड मिळालं.

रविवारी मामानं मला इथल्या चर्चला नेलं. केवढं मोठं. बसायला गाद्या. उपासना संपल्यावर सगळे एकमेकांशी हात मिळवतात. माझ्याशीही मिळवला बऱ्याच जणांनी, आणि प्रत्येकानं दुसरीकडे बघत. मी एकीला म्हटलं, मी नवीन आहे, तर ती म्हणाली, हो का, छान, आणि गेली. छानच आहे सगळं. गाणी तर इतकी सुरात म्हणतात की आपण तोंड उघडलं तर खोट येईल.

वेतवाल्यांना म्हणावं, दमानं घ्या. पण त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका हं कुणी. डॉक्टरीणबाई शिकलेल्या आहेत, त्यांना काय ठाऊक. काम काढलं की माणूस खचतो. मला बघ ना. म्हणजे मी काही खचलेली नाही, मी मजेत आहे. शेवटचा भाग राखून ठेवला आहेस ना?

आजी

*

१७ फेब्रुवारी

आजी,

मध्ये लिहायला झालं नाही. सुतारकाकांना ते पाण्याच्या टपाशेजारी पडलेले सापडले. हातात वेत तसाच, त्यानं बोटं कापलेली. शुद्धीवर आले तेव्हा पहिलं काय विचारलं, तर वेत वाळला का. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता काम केलं तर जिवाशी गाठ आहे. भरती झाले तर निदान श्वास तरी सुखाचा मिळेल.

मी त्यांच्यापुढे बसले, हात जोडले. ते शांतपणे म्हणाले, “जो सुरू करतो, त्याच्याच हातून देव ते पुरं करून घेतो. त्या म्हाताऱ्या पुढाऱ्याला नेलंच ना नदीपार?”

मी चमकले. तू ओळखलंसच, मी कुणाबद्दल लिहितेय. लोकांना गुलामीतून सोडवून ज्यानं चाळीस वर्षं रानातून चालवत आणलं, तो. देवानं त्याला डोंगरावरून तो देश दाखवला आणि सांगितलं, तू आत जाणार नाहीस. तो डोंगरावरच मेला आणि लोकांना दुसऱ्यानं पार नेलं. रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही हे पाठ असतं. मी पुस्तक काढून वाचून दाखवलं. तर ते मलाच समजावतात, तुझ्या पुस्तकात छपाईची चूक आहे, तू त्याच धंद्यातली, तुला कळायला हवं होतं. देवानं त्याचा हात धरला, म्हणाले. म्हातारा म्हणून पाणी घोट्याइतकंच ठेवलं, आणि पलीकडे एका बाईनं पाय पुसायला फडकं दिलं.

फडकं ऐकलं आणि मी ओळखलं, हे काम कुणाचं.

पाळकसाहेबांनीही सांगून पाहिलं. त्यांना म्हणाले, तुम्ही तरुण आहात, नव्या छपाईतलं वाचता. ते फक्त तुझं ऐकतील. तू त्यांना लिही, मी वाचून दाखवते.

मुंगी

*

२१ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पत्र आलं तसं लगेच बसले. रागावू नकोस, आधी ऐक.

तो भाग आला त्याच आठवड्यात त्यांची बायको गेली होती. तीच त्यांना वेत भिजवून, तासून हातात द्यायची. मी गेले तर हे खुर्चीपुढे बसलेले, हात रिकामे. मला म्हणाले, बाई, वाचा. मी वाचत त्या डोंगरापर्यंत आले. ते म्हणाले, “पुढं?” अक्षरं मला लागत होती गं, जोडाक्षरंसुद्धा. पण देव नाही म्हणाला, असं मी त्या माणसाला त्या दिवशी वाचून दाखवू? मी म्हाताऱ्याला पार नेलं. देवाला काय एवढं जड होतं? एक म्हातारा, एक नदी. वेतवाल्यांनी हात पुढे केला, म्हणाले, द्या तो वेत. आणि विणायला लागले. मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की घरी येताना मी गाणं म्हणत आले.

आता तेच मोडायला मला सांगतेस? उरलेल्या खुर्च्या होऊ देत, मग दवाखाना. मी येतेच आहे. मी समोर बसले की त्यांचा हात चालतो, हे तुला काय माहीत. मामाला विचारलं कधी निघायचं, तर म्हणाला, बघू. त्याचा ‘बघू’ मी त्याच्या लहानपणापासून ओळखते, पण या वेळी तो खरं बोलत असेल.

इथं समोरच्या दारात एक म्हातारी राहते म्हणतात. मी दोनदा घंटी वाजवली. भिंगातून डोळा दिसला, दार नाही उघडलं.

आजी

*

२८ फेब्रुवारी

आजी,

खुर्च्या होणार नाहीत. आज त्यांनी एकच ओळ घातली, उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. वेत ताणायला बोटांत जोर नाही आणि सैल राहिलेलं त्यांना हाताला कळतं. हे सगळं ते तुझ्या फडक्याच्या भरवशावर करताहेत.

आणि रागावलीस तरी लिहिते, कारण मामाची हिंमत होत नाही. तुला प्रवासाची डॉक्टरांनी मनाई केली आहे. तू येणार नाहीयेस. पुस्तकाचा शेवट मी तुझ्यासाठी मिटून ठेवला आहे आणि त्यांच्याकडे तेवढे दिवस नाहीत. ते खुर्ची सोडत नाहीत, तू पान सोडत नाहीस. मी दोघांच्या मध्ये बसले आहे.

मुंगी

*

९ मार्च

मुंगे,

मामाला विचारलं. त्यानं मान खाली घातली. मी म्हटलं, अरे, एवढंच ना. आणि त्याला चहा करून दिला.

मग दुपारी रिकाम्या घरात मी तो डोंगराचा भाग काढला आणि बोट ठेवून मोठ्यांदा वाचला, सगळा. खालचं त्यांना वाचून दाखव. तुझ्या सवयीप्रमाणे वाच, काना-मात्रा न सोडता.

वेतवाले, नमस्कार. मी वाचणारी बाई. पोरीच्या तोंडून बोलते आहे. ती गाळत नाही म्हणून आज मीही गाळणार नाही. तिच्या पुस्तकातली छपाई बरोबर आहे. तो म्हातारा पार गेला नाही. देवानं हात धरला, पाणी घोट्याइतकं ठेवलं, ते सगळं माझ्या पदरचं. फडकंही माझंच. तुमचे हात रिकामे बघवले नाहीत म्हणून मी देवाला माझ्या मनासारखं बोलायला लावलं. तुम्ही त्यावर विसंबलात. मला माफ करा.

पण वेतवाले, मीही अर्धंच वाचलं होतं. त्या दिवशी ‘नाही’पाशी माझं बोट थांबलं. आता खाली सरकवलं तर पुढं लिहिलंय की तो तिथं वर एकटा नव्हता. देव होता. आणि तो मेल्यावर त्याला देवानं स्वतः पुरलं. जागा अजून कुणाला ठाऊक नाही. बघा तरी. त्याची माणसं सगळी खाली, पुढच्या तयारीत, आणि देव एका म्हाताऱ्यासाठी मागं थांबला. मी घातलेल्या फडक्यापेक्षा हे केवढं मोठं होतं, आणि मी ते तुम्हाला वाचूनच दाखवलं नाही.

आपल्या प्रभूनं तरी काय केलं? जगभर सांगायचं काम शिष्यांच्या हाती दिलं आणि निघून गेला. आणि शिष्य कसले, तुम्हाला माहीत आहेत, कामाच्या वेळी झोपणारे आणि संकटात पळणारे. सुताराचा हात हातोड्याचा असेल, पण तो त्यांच्यापेक्षा बराच म्हणायचा.

तुम्हाला सांगायचा मला अधिकार नाही, कारण शेवटची पानं मीही धरून बसले होते. ती सोडली. पोरगी वाचेल. ती यादीतली नावं वाचायला लागली तर “हं” करू नका, ऐकून घ्या. ती माणसं होती, मीच त्यांना नुसती मंडळी करून टाकलं.

मुंगे, एवढंच वाच. खाली हे तुझ्यासाठी. उद्यापासून शेवटचा भाग सुरू कर. माझी वाट पाहू नका.

आजी

*

११ एप्रिल

आजी,

महिना गेला, माहीत आहे. सगळं एकदम लिहिते.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ते “हं” म्हणाले नाहीत, “पुढं” म्हणाले नाहीत. वेताच्या भोकांवरून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे त्यानं वरूनच बघितलं.” मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, “तो दुसरा होता, त्याला ह्यानं शिकवलं होतं का?” मी सांगितलं, शिकवलं होतं, डोक्यावर हातही ठेवला होता.

“मग सुताराला बोलव,” ते म्हणाले.

आम्ही दोघं शिकलो, सुतारकाका आणि मी. ते खाटेवर पडून, खुर्ची खाटेला टेकवून, हातानं बघायचे. उभी ओळ, आडवी ओळ, मग तिरक्या. सुतारकाकांना गाढव म्हणाले, मला मुद्रितं तपासणारं गाढव. सुतारकाका म्हणाले, आजोबा, एवढं तर मला माझा बापही नाही बोलला. तर म्हणे, म्हणूनच असा निघालास. एक खुर्ची काकांनी पुरी केली, अगदी सैल, बसलं की माणूस खाली जातो. आजोबांनी तिच्यावरून हात फिरवला. आम्हाला वाटलं, उसवा म्हणणार. ते म्हणाले, “राहू दे.” आणि त्याच संध्याकाळी, चला, कुठं नेताय तिथं न्या, असं आपणहून म्हणाले.

दवाखान्यात मी रोज छापखान्यातून जाऊन वाचायची. नावं ऐकून घ्यायचे. शेवटचं पान राहिलं होतं. त्या दिवशी मालकानं थांबवून घेतलं. मी पोचले तर खाट रिकामी होती, पुस्तक उशाशी. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं सांगितलं, दुपारपासून “पुढं? पुढं?” करत होते, म्हणून फरशी झाडणाऱ्या बाईनं झाडू भिंतीला लावला आणि वाचायला बसली. कुठपर्यंत वाचलं, कसं वाचलं, त्याला माहीत नाही, त्याचा डोळा लागला होता. ती बाई आता दुसऱ्या मजल्यावर कामाला असते म्हणे. तू म्हणालीस तर मी शोधून विचारीन, शेवटापर्यंत पोचले होते का.

तू शेवट माझ्या हाती दिलास आणि तो माझ्याही हातून राहिला. याचं मला फार लागलं आहे, आजी.

मुंगी

*

१९ एप्रिल

माझ्या गुणी मुंगीबाई,

तुझं पत्र दुपारी आलं. घरात कुणी नव्हतं. मी ते मोठ्यांदा वाचलं, मला मनात वाचता येतच नाही ना. “राहू दे” आलं तिथं थांबले आणि एवढा आनंद झाला की कुणाला तरी सांगावं म्हणून उठले. समोरचं दार बंदच होतं. मग संध्याकाळपर्यंत धरून ठेवलं.

मामी आली तेव्हा दारातच म्हटलं, माझ्या ओळखीचे एक गेले. ती चपला काढता काढता थांबली. कोण, म्हणाली. मला सांगता येईना. नात्याचे नाहीत, गोत्याचे नाहीत. मी म्हटलं, मी त्यांना वाचून दाखवायची. ती म्हणाली, अरेरे. माझा खांदा दाबला आणि आत गेली. दमलेली होती बिचारी. तो आनंद मग तसाच माझ्यापाशी राहिला, म्हणून आता तुला लिहिते आहे.

त्या बाईला शोधू नकोस. तुझ्या हातून काही राहिलं नाही. झाडू बाजूला ठेवून कुणीतरी बसलं ना? तिला जोडाक्षरं अडली असतील, नाही तर घडाघडा वाचलं असेल. दोन शब्द पदरचे घातले असतील, घालू दे. वेतवाले शेवटापर्यंत पोचले की दोन ओळी अलीकडे राहिले, ते मला कळायलाच हवं असं कुठं आहे? पुढचं त्यांना ज्यानं वाचून दाखवायचं, त्यानं दाखवलं असेल. त्याला बोट ठेवावं लागत नाही.

आता झाल्या तेवढ्या खुर्च्या चर्चमध्ये मांडल्या असतील. रविवारी कोण कुठं बसलं, ती सैल खुर्ची कुणाच्या वाट्याला आली, तो माणूस उपासनेत कितीदा वर सरकला, ते मला लिही. नाही जमलं, नाही लिहिलंस, तरी चालेल.

आजी